मेला नव्हे, मेल्ल

सोलापूरचा उन्हाळा पुन्हा लागला. सकाळी दहालाच गच्चीवरची फरशी पाय ठेवू देत नाही आणि दुपारी खिडकीच्या गजाला हात लागला की तोंडातून 'स्स' निघतं. दरवर्षी याच दिवसांत मी कुरकुरते. यंदा मात्र कुरकुरायला वेळ नाही, कारण घरात पाहुणी आहे. माझी नात, वय अडीच महिने. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. ती बिचारी जेव्हा डोळा लागेल तेव्हा झोपून घेते, आणि त्या वेळात ही बया माझ्या मांडीवर असते.

आठ-दहा दिवसांपूर्वीपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघतच नसे. मी इतकी गोड गोड बोलणार, चुटक्या वाजवणार, आणि ती टक लावून बघणार ती माझ्या कपाळाच्या वर, जिथे पांढरे केस संपून काळे सुरू होतात तिथे. मला जरा अपमानच वाटला. जावयांनी समजूत घातली, की इतक्या लहान बाळाला काळंपांढरं, ठसठशीत तेवढंच कळतं. आणि अगदी सुरुवातीला तर पाजणाऱ्या आईचं तोंड असतं तितक्याच अंतरापर्यंतचं बरंसं दिसतं. त्यापलीकडे सगळा धुरळा. ज्याने कोणी ही सोय केली त्याचं मला कौतुक वाटलं. आल्या आल्या सगळं जग अंगावर घालायचं नाही, आधी एक तोंड नीट पाहू दे, बाकीचं सावकाश.

मग एका दुपारी तिचा एक डोळा पंख्याकडे आणि दुसरा दाराकडे गेला. क्षणभरच. लेक हसली, 'आई बघ, ही दोन्हीकडे लक्ष ठेवतेय.' मला नाही हसू आलं. मी उठले, चप्पल घातली आणि तशीच भर उन्हात तिला पोटाशी धरून डॉक्टरीणबाईंकडे गेले. लेक मागून 'अगं आई, अगं आई' करत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिले काही महिने असं होतं, दोन डोळ्यांचं एकमेकांशी जमायला वेळ लागतो. ती चार महिन्यांची झाल्यावरही दिसलं तर मात्र लगेच या, थांबू नका. हे 'थांबू नका' ऐकून मी खुर्चीत टेकले. आमच्या घरात एकदा थांबणं झालं होतं. वर्षभर.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीला लागून, आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, वळसंगचे. घरी कन्नड, बाहेर मराठी, दोन्ही भाषा जिभेवर. एका भुसार दुकानात ते कामाला होते. आई नातेपुत्याची. तिला मराठी सोडून दुसरी भाषा यायची नाही आणि यावी असंही तिला कधी वाटलं नाही. समोरच्या घरात नरसक्का राहायची. तेलुगू विणकराचं घर. पुढच्या खोलीत हातमाग, त्यावर तिचे मालक साड्या विणायचे, आणि ती शेजारी चरख्यावर मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली. दिवसभर त्या मागाची खटखट आमच्या घरात यायची. माग थांबला की आई म्हणायची, जेवायला बसले वाटतं.

आई आणि नरसक्का, दोघींचं सूत चांगलं जमलं होतं. नरसक्काचं मराठी म्हणजे एक शब्द मराठी, दोन शब्द तेलुगू, आणि उरलेलं हातवारे. आईला त्यातलं निम्मं कळायचं आणि उरलेल्या निम्म्याला ती 'व्हय व्हय' म्हणायची. त्यात दोघींचं कधी अडलं नाही. अडलं ते एकदाच.

मी उंबऱ्यात बसून भाकरी खात होते. नरसक्काने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, बराच वेळ डोळ्यांत पाहिलं आणि आईला हाक मारून म्हणाली, पोरीचा डोळा मेल्ल हाय, लवकर दाखव.

आता माझ्या आईच्या तोंडात 'मेला' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा असे. मेलं ऊन, मेला नळ, मेली ती मांजर, आणि मीसुद्धा मेली. पण तो तिच्या तोंडचा. दुसऱ्या बाईने, तेही पोरीच्या डोळ्याबद्दल, असं म्हणावं? आईचा भडका उडाला. तुझ्या जिभेला काही हाड, माझ्या पोरीचा डोळा मेला म्हणतीस, तुझ्याच घरात काय मरायचं ते मरू दे. आणखी पुष्कळ बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. नरसक्काला एरवी ती 'तुमी' म्हणायची, त्या दिवशी सरळ 'तू'वर आली. मग मला बखोटीला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

ते दार वर्षभर लागलेलंच राहिलं. नरसक्काला आईने तोडलं ते तोडलं, वर अप्पांनाही काही सांगितलं नाही. तो अभद्र शब्द पुन्हा तोंडातून काढायचाच नव्हता तिला. उच्चारला तर खरा होईल अशी भीती. तिने तिच्या परीने उपाय केले. काजळ दुप्पट घालायला लागली. दर शनिवारी तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि ठसका लागला नाही की म्हणायची, बघ, केवढी दृष्ट लागली होती. मला आज हे आठवलं की हसू येतं, पण पुरतं नाही. आई आठवड्याच्या आठवड्याला माझी दृष्ट काढत होती आणि दृष्टी बिचारी आपली आपण जात होती.

डोळा माझा थोडासा नाकाकडे वळलेला, डावा. अप्पांना तो दिसायचा. पण किंचित तिरळं पोर भाग्याचं असतं असं त्यांच्या आत्यानं सांगितलेलं, त्यामुळे ते निर्धास्त. आणि मला? मला काय कळणार? मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. जिना उतरताना शेवटची पायरी हमखास चुकायची, कुणी चेंडू टाकला की माझे हात तो निघून गेल्यावर मिटायचे. सगळे म्हणायचे, वेंधळी आहे. मीही ते मान्य करून टाकलं होतं.

पहिलीची परीक्षा संपली, उन्हाळ्याची सुट्टी लागली. एका संध्याकाळी अप्पा दुकानातून लवकर आले आणि मला मांडीवर घेऊन खेळवायला लागले. माझा उजवा डोळा तळव्याने झाकून त्यांनी विचारलं, मी कोण? मी डोळा बारीक केला. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, 'अप्पा, तुमचं तोंड पुसलंय.'

पाटी पुसल्यावर फराटे उरतात ना, तेवढंच दिसत होतं मला. अप्पांना वाटलं मी थट्टा करते. त्यांनी बोटं दाखवली, किती ते विचारलं, मी अंदाजे सांगितलं. डावा झाकला तर सगळं ठाकठीक. उजवा झाकला की पुसलेलं. दोन-तीनदा करून पाहिल्यावर त्यांनी मला मांडीवरून खाली उतरवलं आणि आईने भांडी टाकून हंबरडा फोडला. त्या रडण्यात ते वर्षभर दाबून ठेवलेलं बाहेर आलं. त्या नरसक्कानं म्हटलंच होतं, डोळा मेला म्हणून, तिची वाणी खरी झाली.

अप्पांनी विचारलं, काय म्हणाली ती? नीट सांग. तिचाच शब्द सांग.

आईने पदर तोंडाला लावून तो सांगितला, मेल्ल. अप्पा आधी हसले. खरंच हसले, त्या प्रसंगातही. आणि मग त्यांचं हसू एकदम गेलं.

'अगं, मेल्ल म्हणजे मेला न्हाय. आमच्या कन्नडात बी तिरळ्या डोळ्याला मेळ्ळगण्णच म्हणत्यात. तिरळा हाय, दाखव म्हणाली ती. वर्ष झालं का गं याला?'

 चुलीवर भाकरी करपल्याचा वास येत होता, तो कोणी मनावर घेतला नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते, पण आमच्याशी बोलले ते सगळं समजावून बोलले. अप्पांनी ते मला मोठेपणी इतक्या वेळा सांगितलं की आता ते मी स्वतः ऐकल्यासारखंच वाटतं. डोळा मेलेला नाही, ते म्हणाले, डोळा धडधाकट आहे. बघण्याचं काम मेंदू करतो, आणि वाकडा डोळा वेगळंच चित्र पाठवायला लागला की तो त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. मूल जन्मतं तेव्हा त्याला बघता येत नसतंच, ते बघायला शिकतं. चालायला शिकतं तसंच, फक्त हे शिकणं बाहेरून कुणाला दिसत नाही. आणि ही शाळा सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालते, पुढे दार हळूहळू लागत जातं. तुम्ही वर्षभर आधी आला असता तर मी हमी दिली असती. आता प्रयत्न करू. या डोळ्याला दिसायला लागेल असं वाटतं, पण दोन्ही डोळे मिळून बघतील की नाही, मागचं-पुढचं तिला कळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

मग त्यांनी जाड भिंगांचा चष्मा लिहून दिला आणि पट्टी लावायला घेतली. पट्टी उजव्या डोळ्यावर. आई खुर्चीतून उठलीच. अहो, तो चांगला आहे, दुसरा, दुसरा. डॉक्टर पहिल्यांदा हसले. म्हणाले, चांगल्याला रजा दिल्याशिवाय आळशी कामाला लागत नाही, बाई. दिवसभर पट्टी, आणि डाव्या डोळ्याला जवळचं बारीक काम. पाऊस लागेपर्यंत.

तर असा तो उन्हाळा. सोलापूरचा उन्हाळा, त्यात डोळ्यावर कापूस ठेवून वरून चिकटपट्टी. घामाने ती सुटायची, आई पुन्हा लावायची, काढताना भुवईचे केस निघून यायचे. शहर माझ्यासाठी पुसून गेलं होतं. नळावरच्या घागरी म्हणजे चकाकणारे डाग, गल्लीतनं येणारी माणसं म्हणजे रंगांचे ठिपके. आवाजावरून मी माणूस ओळखायची. आई तांदूळ निवडायला द्यायची, मला खडे दिसायचे नाहीत, मी ताट उधळून द्यायची. दिवसातून चार वेळा पट्टी ओरबाडून काढायची. आई आधी रागवायची, मग मला मारायची, आणि मारून झाल्यावर स्वतः रडत बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती अप्पांना म्हणाली, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. माझ्यामुळं झालं आणि आता माझ्याच हातनं पोरीला छळू?

अप्पांनी माझा हात धरला आणि समोरचं दार वाजवलं. आई खिडकीच्या आत, आडोशाला. अप्पा नरसक्काशी कन्नड-तेलुगूच्या मिसळीत काय बोलले कोण जाणे. तिने फक्त मान हलवली, मला आत घेतलं आणि मागाच्या बाजूला पाटावर बसवलं. कुठल्याही गोष्टीचा उल्लेख नाही, की टोमणा नाही. समोर ताणलेल्या उभ्या धाग्यांचं ते भलंमोठं पान, जांभळं. त्यात एखादा धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं आणि गाठ मारायची. हे शोधायचं काम मला मिळालं.

पहिल्या दिवशी मला धागे दिसलेच नाहीत, नुसता जांभळा पडदा. मी रडायला लागले. नरसक्काने माझं बोट धरून पडद्यावरून फिरवलं, जिथे धागा तुटून फट पडली होती तिथे थांबवलं. 'मेल्लगा,' ती म्हणाली. 'मेल्लगा, मेल्लगा.' त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हळूहळू. तिरळा तोही मेल्ल आणि सावकाश तेही मेल्लगा. आईने ऐकला तो अर्थ सोडून त्या शब्दापाशी एवढं सगळं होतं. मी आजही चिडले, घाईत असले, की मनातल्या मनात हा शब्द म्हणते. डॉक्टरांनी दिलेल्या चष्म्याइतकाच तो मला लागू पडलेला आहे.

आधी बोटाला फट कळायची, मग डोळ्याला. दहा-बारा दिवसांत पडद्याचे पट्टे झाले आणि महिन्याभरात पट्ट्यांचे धागे. एकदा मी नरसक्काच्या मालकांच्या आधी तुटलेला धागा दाखवला. त्यांनी माग थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर घातली. आयुष्यात पुढे थोडीफार बक्षिसं मिळाली, पण इतकी तिखट नाही.

डोळ्याचं वाढणं किती लांबलचक असतं, हे मला पुढे हळूहळू उमगत गेलं. जन्मताच डोळा पुरत्या आकाराचा असतो, तो वाढतच नाही, असं आमच्या शाळेतल्या बाई ठासून सांगायच्या. तसं नाही. पहिल्या दोनेक वर्षांत बुबुळामागचं ते गोलसर घर भराभर वाढतं, मग सावकाश. माझ्या लेकीचा डोळा नववीत वाजवीपेक्षा लांबला आणि तिला फळ्यावरचं दिसेना. उणे नंबर लागला. ती रडली, मी तिला चष्मेवाल्याकडे घेऊन जाताना जवळजवळ आनंदात होते. काच लावली की दिसतं ना, मग रडायचं काय? आणि चाळिशी! आमच्या भाषेने चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलं, लपवाछपवीला जागाच ठेवली नाही. मला ती लागली तेव्हा मैत्रिणी हळहळल्या. मी मनात म्हटलं, दोन्ही डोळ्यांना सारखीच लागली, केवढी चैन.

त्या वर्षीचा जून उजाडला, शाळेच्या पिशव्या दुकानात लटकल्या. डॉक्टरांकडे गेलो. डाव्या डोळ्याने मी वरच्या चार ओळी वाचल्या, पाचवीत अडखळले. आईने तिथेच देवाला हात जोडले. डॉक्टर मात्र थांबले. त्यांनी एक पेन्सिल उभी धरली, दुसरी माझ्या हातात दिली, आणि म्हणाले, हिचं टोक वरून त्या टोकावर टेकव. दोन्ही डोळे उघडे. मी टेकवलं ते हवेत. पुन्हा केलं, पुन्हा हवेत. बघूया, ते म्हणाले, पट्टी आता दोनच तास, चष्मा कायम. दिसायला लागलंय हे थोडं नाही. बाकीचं येईल तर येईल.

'येईल तर येईल' हे आईला पेलवेना. आधी डोळाच जाणार असं वाटत होतं, तो वाचला तर आता तिला सगळं हवं झालं. ती रोज सकाळी दोन पेन्सिली घेऊन माझ्यासमोर बसायची. माझं टोक रोज चुकायचं, कधी अलीकडे, कधी पलीकडे. आई वरवर म्हणायची, असू दे गं, आणि पेन्सिली फडताळात ठेवताना तिची पाठ मला दिसायची.

मृग कोरडाच चालला होता. अशाच एका दुपारी आईने अचानक केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला आणि माझं मनगट धरून समोर निघाली. हातात वाटीसुद्धा नाही. आमच्याकडे कुणाच्या दारी असं रिकाम्या हाताने जात नाहीत, पण बहुधा काय न्यावं तेच तिला सुचलं नसेल. नरसक्का कांड्या भरत होती. आई आत गेली नाही, उंबऱ्यावरच बसली. मी तिच्यासमोर, मागाला टेकून उभी.

आई म्हणाली, 'अक्का, तवा मी तुमाला लई वाईट बोलले. तुमाला मराठी धड कळत न्हाय, तुमाला समजलं बी नसंल. पण मी बोलले, ते मला ठावं हाय.'

नरसक्काने चरखा थांबवला. 'समजलं की सगळं. बोलायला येत न्हाय. ऐकायला येतं.'

आईची मान खाली गेली. खालीच बघत तिने विचारलं, मग तुम्ही वर्षभर गप्प का राहिलात? नरसक्का म्हणाली, गप्प कुठे, तीनदा आले होते तुझ्या दारात, तू उघडलं नाहीस. आणि मग आईला जे खरं विचारायचं होतं ते तिने विचारलं, की एवढं ऐकून घेऊनही पोरीला जवळ कशी केलीत.

'भांडण तुझं,' नरसक्का म्हणाली. 'डोळा पोरीचा.' आणि पुन्हा कांडी भरायला लागली.

आई रडायला लागली. आवाज न करता, ती कधीच रडायची नाही तशी. मी तिच्याकडे बघत होते. बघता बघता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मग चुकलेलं नाही, वेगळंच आहे, असं. आईचं तोंड आजवर मी कितीदा पाहिलं होतं, पण ते सपाट असायचं, भिंतीवरच्या तसबिरीतलं असतं तसं. आता त्यातलं नाक माझ्याकडे येत होतं. गाल त्याच्या मागे राहिले होते, कान त्याहून मागे, आणि कानाच्या पाठीमागे दारातून आमची गल्ली लांबच लांब आत आत गेली होती, नळापर्यंत, त्याच्याही पुढे. मी घाबरले.

'आई,' मी म्हटलं, 'तुझं नाक पुढं आलंय.'

आईने नाकाला हात लावून पाहिला. नरसक्काचा चरखा थांबला. आईने डोळे पुसले नाहीत, फक्त आपलं एक बोट हळूच माझ्यासमोर हवेत धरलं. मी हात पुढे केला आणि ते पहिल्याच झटक्यात पकडलं. आईने ते कितीतरी वेळ सोडवून घेतलं नाही.